संगणकाचे भाग : एका 'क'च्या वाटेने

संगणक नव्याने शिकणाऱ्यांना त्याचे भाग समजावून सांगताना बहुधा एक चित्र पुढे ठेवले जाते. त्यात मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि एक उभी पेटी असते, प्रत्येकाला बाण काढून नाव दिलेले असते आणि नावे पाठ झाली की धडा संपतो. मला ही पद्धत अपुरी वाटते. नावे तोंडपाठ असलेल्या माणसालाही संगणक संथ का झाला, अचानक वीज गेल्यावर तासभर लिहिलेला मजकूर कुठे गेला, 'मेमरी फुल' असे दिसते तेव्हा नेमके काय भरलेले असते, हे सांगता येत नाही. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. माहिती किती वेगाने हाती येते आणि ती किती काळ टिकते, या दोन गोष्टी एकाच भागात पुरेशा प्रमाणात आणि परवडेल अशा खर्चात साधत नाहीत. म्हणून संगणकात माहिती ठेवण्याच्या जागा अनेक आहेत, आणि त्या जागांमध्ये माहितीची सतत ने-आण चालू असते. ही ने-आण समजली की भागांची नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

त्यासाठी या लेखात मी एकच अक्षर धरून चालणार आहे. आपण एका कोऱ्या पानावर 'क' टाइप करतो आणि ते सेव्ह करतो. एवढ्या कामात संगणकाचा जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा भाग वापरला जातो.

सुरुवात कीबोर्डपासून. भारतीय भाषा टाइप करण्यासाठीच्या इनस्क्रिप्ट या पद्धतीत 'क' हे अक्षर इंग्रजी 'के'च्याच कळीवर आहे. ती कळ दाबली की आतल्या पातळ पट्ट्यांवरची एक जोडणी पूर्ण होते. कीबोर्डच्या आत एक लहानशी चिप असते आणि ती कळींच्या ओळी व स्तंभ अखंड तपासत असते. कुठली ओळ आणि कुठला स्तंभ जोडला गेला यावरून तिला कळ ओळखता येते आणि ती संगणकाकडे एक क्रमांक पाठवते. यूएसबी कीबोर्डच्या मानकात या कळीचा क्रमांक १४ आहे. कीबोर्डला अक्षर माहीत नसते, भाषा तर नाहीच नाही. त्या १४चा अर्थ इंग्रजी 'के' घ्यायचा की मराठी 'क', हे संगणकातली ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोजसारखा, बाकीची सगळी कामे सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम) त्या वेळी निवडलेल्या भाषेनुसार ठरवते. म्हणूनच भाषा बदलायला कीबोर्ड बदलावा लागत नाही.

माउसही असाच केवळ हालचाल कळवतो. आजच्या बहुतेक माउसच्या तळाशी एक छोटा प्रकाशस्रोत आणि एक अतिशय लहान कॅमेरा असतो. तो पृष्ठभागाची चित्रे एकामागून एक घेतो आणि दोन चित्रांतला फरक पाहून माउस किती व कोणत्या दिशेला सरकला हे काढतो. अगदी गुळगुळीत काचेवर माउस नीट चालत नाही, कारण तिथे चित्रात फरक दिसण्यासारखे काही नसते.

कीबोर्डकडून निघालेला क्रमांक पेटीच्या आत येतो. या पेटीला कॅबिनेट म्हणतात. बोलताना अनेक जण तिलाच सीपीयू म्हणतात, परंतु सीपीयू म्हणजे प्रोसेसर आणि तो या पेटीतली एक छोटी चौकोनी चिप असतो. लॅपटॉपमध्ये पेटी, मॉनिटर आणि कीबोर्ड एकत्र बसवलेले असतात, मात्र आतले भाग तेच.

कॅबिनेट उघडले तर सर्वांत मोठी दिसते ती हिरवी किंवा काळी पाटी, मदरबोर्ड. तिच्यावर तांब्याच्या अतिशय बारीक रेषांचे जाळे असते आणि बाकीचे सगळे भाग या रेषांनी एकमेकांशी जोडलेले असतात. एका कोपऱ्यात धातूची बंद डबी असते, तिला पॉवर सप्लाय किंवा एसएमपीएस म्हणतात. भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज दिशा बदलत राहणारी आणि जास्त दाबाची असते. संगणकातल्या चिपना मात्र एकाच दिशेची आणि कमी दाबाची वीज हवी असते. ही डबी भिंतीतल्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज तयार करते. नवशिक्यांनी कॅबिनेट उघडून पाहावे असे मी आवर्जून सांगतो, पण आधी संगणक बंद करून वायर काढून घ्यावी, आणि वायर काढलेली असली तरी पॉवर सप्लायची डबी मात्र कधीही उघडू नये, कारण तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागांमध्ये, धोकादायक विद्युतभार नंतरही काही काळ शिल्लक राहू शकतो.

आता प्रोसेसर. तो सहसा दिसत नाही, कारण त्याच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा हीट सिंक आणि पंखा बसवलेला असतो. प्रोसेसर करतो ती कामे एकेकटी पाहिली तर फार साधी असतात. दोन संख्यांची बेरीज करणे, दोन संख्या समान आहेत का ते पाहणे, एका जागेवरची संख्या उचलून दुसऱ्या जागी ठेवणे, आणि निकालानुसार पुढची सूचना कोणती घ्यायची ते ठरवणे. पुढची सूचना आणायची, तिचा अर्थ लावायचा, ती पार पाडायची, हे चक्र तो संगणक चालू असेपर्यंत फिरवत राहतो. सूचना आणि ज्यांच्यावर काम करायचे ती माहिती, दोन्ही एकाच मेमरीत ठेवण्याची ही रचना जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली एका अहवालात मांडली, आणि आज आपण वापरतो त्या संगणकांचा मूळ आराखडा अजूनही तोच आहे.

साध्या कामांतून एवढे मोठे काम उभे राहते ते वेगामुळे. प्रोसेसरवर '३ गिगाहर्ट्झ' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ त्याच्या घड्याळाचे एका सेकंदात ३०० कोटी ठोके पडतात. दोन ठोक्यांमधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर अंतर कापतो. चिप इतकी लहान का ठेवावी लागते, याचे एक कारण यातच आहे. संदेशाला दूर जायचे असेल तर पुढचा ठोका येऊन जाईल. १९७१ साली बाजारात आलेल्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० साली आलेल्या अॅपलच्या एम१ या चिपमध्ये त्यांची संख्या १६०० कोटी आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेवर चालू-बंद होणारे एक सूक्ष्म बटण. ही बटणे चालू-बंद होताना उष्णता निर्माण होते, म्हणून हीट सिंक आणि पंखा लागतो. पंख्याच्या पात्यांत धूळ साचली की उष्णता बाहेर पडत नाही, आणि मग प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. चांगला चालणारा संगणक अर्ध्या तासाने संथ होत असेल आणि पंख्याचा आवाज वाढत असेल, तर आधी धूळ पाहावी.

'कोअर' हा शब्द जाहिरातींत फार दिसतो. एका चिपमध्ये स्वतंत्रपणे काम करू शकणारे जितके प्रोसेसर बसवले, तितके तिचे कोअर. आठ कोअर असले म्हणजे काम आठपट वेगाने होईल असे नसते. काम वेगळ्या तुकड्यांत वाटता येण्यासारखे असेल तरच सगळ्या कोअरचा उपयोग होतो. पत्र लिहायला किंवा वेबसाइट वाचायला फार कोअर असलेल्या प्रोसेसरची गरज नाही, आणि त्यावर पैसे घालवण्यापेक्षा रॅम (तिच्याबद्दल पुढे) वाढवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपला 'क' पुन्हा हाती घेऊ. ऑपरेटिंग सिस्टीमने १४ या क्रमांकाचा अर्थ 'क' असा लावला. मात्र प्रोसेसर अक्षरांवर काम करत नाही, संख्यांवर करतो. जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना क्रमांक देणारे युनिकोड नावाचे मानक आहे आणि त्यात 'क'चा क्रमांक २३२५ आहे. फाइलमध्ये तो लिहिताना बहुतेक वेळा यूटीएफ-८ ही पद्धत वापरतात, आणि तिच्यानुसार 'क'ला तीन बाइट लागतात. एका बाइटमध्ये आठ बिट असतात आणि प्रत्येक बिट ० किंवा १ असतो. आपल्या अक्षराचे चोवीस बिट असे दिसतात : १११००००० १०१००१०० १००१०१०१. यापुढच्या प्रवासात 'क' म्हणजे हे चोवीस बिटच असे धरू.

हे बिट जातात रॅममध्ये. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी लांबट, अरुंद खाचा असतात आणि त्यांत उभ्या पट्ट्या बसवलेल्या असतात, ती रॅम. आपण उघडलेला प्रोग्रॅम, त्यातला मजकूर, ब्राउझरमधली प्रत्येक टॅब, म्हणजे ज्यावर या क्षणी काम चालू आहे ते सगळे रॅममध्ये असते. रॅममध्ये प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. हा भार इतका थोडा असतो की तो सतत गळत राहतो, आणि काहीच केले नाही तर थोड्याच वेळात १चा ० होईल. म्हणून मेमरीतला प्रत्येक कपॅसिटर साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरला जातो. ८ जीबीच्या रॅममध्ये हे काम सुमारे ६९०० कोटी कपॅसिटरसाठी करावे लागते, आणि संगणक चालू असेपर्यंत ते थांबत नाही. वीज गेली की भरणे थांबते, भार गळून जातो आणि मजकूर नाहीसा होतो. लिहिलेला मजकूर वीज गेल्यावर कुठे गेला, या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. तो कुठेही गेलेला नसतो, त्याला धरून ठेवणारा भारच उरलेला नसतो.

म्हणून सेव्ह करावे लागते. सेव्ह करणे म्हणजे रॅममधल्या बिटांची एक प्रत वीज नसतानाही टिकणाऱ्या जागी लिहून ठेवणे. ही जागा म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी.

हार्ड डिस्कच्या बंद डबीत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. डेस्कटॉपच्या अनेक हार्ड डिस्कमध्ये या तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात. एका दांड्याच्या टोकाशी वाचणारे व लिहिणारे बारीक हेड असते. ते तबकडीला टेकत नाही, तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहते. चालू हार्ड डिस्क हलवू वा आपटू नये, याचे कारण हेच अंतर आहे. हेड तबकडीवर आदळले तर त्या जागेचा थर खरवडला जातो आणि तिथली माहिती परत मिळणे अवघड होते. हार्ड डिस्क वापरणारा पहिला व्यापारी संगणक आयबीएमने १९५६ साली आणला. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिच्यात फ्लॅश मेमरीच्या चिप असतात. पेन ड्राइव्ह आणि फोनमधली साठवणही याच जातीची. फ्लॅशमध्येही बिट विद्युतभाराच्याच रूपात असतात, पण तो भार चहूबाजूंनी विद्युतरोधक थरात कोंडलेला असतो, त्यामुळे वीज बंद झाली तरी वर्षानुवर्षे राहू शकतो. त्याची किंमत अशी की भार आत घालताना आणि बाहेर काढताना तो थर हळूहळू झिजतो, आणि म्हणून भार कोंडून ठेवणाऱ्या एसएसडीच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात ठरावीक वेळाच लिहिता येते. घरगुती वापरात ही मर्यादा गाठायला बराच काळ लागतो. तिची भीती बाळगून जुनी हार्ड डिस्कच वापरत राहणे मला पटत नाही. संथ झालेल्या जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर जो फरक पडतो, तो दुसऱ्या कुठल्याही एका बदलाने क्वचितच पडतो.

तो का पडतो, हे आकड्यांवरून कळेल. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका एका सेकंदाइतका लांब आहे असे समजू आणि बाकीच्या वेळाही त्याच प्रमाणात ताणू. रॅममधून एखादी संख्या मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. ताणलेल्या हिशेबात ती पाच मिनिटे झाली. एसएसडीकडून उत्तर यायला १०० मायक्रोसेकंद धरले तर प्रोसेसर साडेतीन दिवस वाट पाहील. हार्ड डिस्कला हेड योग्य जागी नेऊन तबकडी फिरून येईपर्यंत १० मिलिसेकंद लागले, तर ती वाट जवळजवळ एका वर्षाची होईल. पाच मिनिटे, साडेतीन दिवस आणि एक वर्ष. संगणक संथ वाटतो तेव्हा बहुतेक वेळा प्रोसेसर काम करून थकलेला नसतो, तो माहितीची वाट पाहत असतो.

रॅमसाठी पाच मिनिटे थांबणेही प्रोसेसरला परवडत नाही, म्हणून त्याच्या चिपमध्येच कॅश नावाची छोटी आणि फार वेगवान मेमरी असते. सतत लागणारी माहिती तिच्यात जवळ ठेवली जाते. कॅशमध्ये एका बिटासाठी सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात, त्यामुळे ती जागा खाते आणि महाग पडते. म्हणूनच ती काही मेगाबाइटच असते, रॅम काही गिगाबाइट असते आणि डिस्क शेकडो गिगाबाइट किंवा टेराबाइटची असते. वेग कमी होत जातो तशी जागा वाढत जाते.

डिस्कच्या आकड्याबद्दल एक खुलासा इथेच करतो, कारण नव्या ग्राहकांना आपली फसवणूक झाली असे वाटते. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. डिस्क तयार करणारे १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट मोजतात. विंडोज मात्र १०२४च्या पटीत मोजते, त्यामुळे तेवढ्याच बाइटना ती ९३१ म्हणते. एकही बाइट कमी नसतो.

आपला 'क' आता रॅममध्ये आहे आणि डिस्कवरही आहे. राहिला तो पडदा. १९२० गुणिले १०८० अशा मॉनिटरवर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात, आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा व निळा असे तीन उपठिपके असतात. प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या धरल्या तर एका पिक्सेलला तीन बाइट लागतात. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवायचे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३७ कोटी बाइट पाठवायचे. हे काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपवलेले असते. तो स्वतंत्र कार्डावर असतो किंवा मुख्य प्रोसेसरच्या चिपमध्येच सामावलेला असतो. एकसारखी साधी गणिते हजारोंच्या संख्येने एकाच वेळी करणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. खेळ, व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय आरेखन करायचे नसेल, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची आवश्यकता नाही.

मेमरीत 'क'चा केवळ क्रमांक असतो, त्याची आकृती नसते. गोलाई, मधला उभा दंड आणि वरची रेघ ही सारी फॉन्ट नावाच्या फाइलमध्ये असते, आणि त्या आकृतीवरून कोणते पिक्सेल किती गडद करायचे हे काढले जाते. 'क्ष' टाइप केला तर हे अधिक स्पष्ट होते. मेमरीत तो 'क', हलन्त आणि 'ष' असा तीन वेगळ्या क्रमांकांचा, म्हणजे यूटीएफ-८ पद्धतीत नऊ बाइटचा असतो. ते तिघे मिळून दिसणारे एक रूप पडद्यावर काढण्याच्या वेळी फॉन्टच्या नियमांनुसार तयार होते. म्हणून कधी कधी फाइल व्यवस्थित असूनही एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरे तुटलेली दिसतात. अशा वेळी मजकूर खराब झाला असे समजून तो पुन्हा टाइप करत बसू नये. फॉन्ट किंवा प्रोग्रॅम बदलून पाहावा.

संगणक सुरू होताना रॅम रिकामी असते, मग पहिली सूचना येते कुठून? त्यासाठी मदरबोर्डवर एक वेगळी चिप असते आणि तिच्यात वीज नसतानाही टिकणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो आणि नंतर डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टीम रॅममध्ये आणायला सुरुवात करतो. शेजारीच नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते. संगणक बंद असताना तारीख आणि वेळ चालू ठेवणे हे तिचे काम. डेस्कटॉपची वायर काढून परत लावली की तारीख प्रत्येक वेळी मागे जात असेल, तर ही बॅटरी संपलेली आहे असे समजावे. ती बदलणे सोपे आहे.

हे सगळे आपल्याच संगणकावर पाहता येते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळी एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो, आणि त्याच्या परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख वेगवेगळे दिसतात. इथे मेमरी म्हणजे रॅम, साठवण नव्हे. संगणक अडखळत असेल तेव्हा हे आलेख एकत्र पाहावेत. सीपीयू शंभर टक्क्यांना टेकला असेल तर एखादा प्रोग्रॅम खरोखरच जड गणित करत आहे. सीपीयू निवांत, पण मेमरी जवळजवळ भरलेली आणि डिस्क शंभर टक्क्यांवर, असे चित्र असेल तर रॅम अपुरी पडत आहे : तिच्यात मावत नसलेली माहिती ऑपरेटिंग सिस्टीम तात्पुरती डिस्कवर नेऊन ठेवते, लागली की परत आणते, आणि प्रत्येक खेपेला पाच मिनिटांच्या जागी साडेतीन दिवस किंवा वर्ष मोजते. अशा वेळी डिस्कवरच्या जुन्या फाइली पुसून सहसा फरक पडत नाही, कारण भरलेली जागा ती नाही. नको असलेले प्रोग्रॅम आणि टॅब बंद करावेत, आणि हे रोजच घडत असेल तर मदरबोर्डवर रॅमची एखादी खाच रिकामी आहे का ते पाहावे.